सहा ते अठरा

मांजरी बुद्रुकच्या स्टेशनावरून पूर्वेकडे गेलेला रूळ लोणी, उरुळी, यवत, केडगाव, दौंड करत सोलापूरला पोचतो. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून दिक्सळपर्यंत गाडी धावू लागली आणि १८६० मध्ये ती सोलापुरात शिरली. या लोहमार्गाचा इतिहास आपण सांगतो तो कापसाचा, गिरण्यांचा आणि घाटातल्या बोगद्यांचा. याच रुळाने किती माणसांचं पोट मारलं, ती बाजू सहसा सांगितली जात नाही. मीठ, धान्य, कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर फिरणारे लमाणांचे तांडे आणि गाढवांवर ओझी वाहणारे, वाटेत टोपल्या-कणग्या विणून विकणारे कैकाडी यांचा धंदा आगगाडीने एका पिढीत मोडीत काढला. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. रानात फासे लावून तितर-लाव्हे धरणारा पारधी काल शिकारी होता, तो आता सरकारी मालमत्तेचा चोर ठरला.

धंदा गेला तरी फिरणं थांबलं नाही. थांबणार कुठे? ना गावात घर, ना सातबारावर नाव. आणि १८५७ नंतरच्या इंग्रज सरकारला ज्याचा ठावठिकाणा कागदावर नाही असा माणूस खपत नव्हता.

१८७१ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात ‘गुन्हेगार जमाती’चा कायदा मांडला गेला तेव्हा विधी सदस्य होता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. त्याच्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला सोपा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. मग चोराचा मुलगा चोरच होणार. जातीचा जो अर्थ आपल्याकडच्या शास्त्री-पंडितांनी सांगितला, तोच साहेबाने उचलून फौजदारी कायद्यात घातला. एखादी जमात एकदा जाहीर झाली की तिच्यात जन्मलेल्याने काही केलं आहे की नाही, हा प्रश्नच उरत नव्हता. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना, परवाना नसेल तर शिक्षा.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. मुंबई इलाख्यात तो सरसकट आला १९११ मध्ये. याचा अर्थ आपल्याकडे तोवर सारं आलबेल होतं असा नाही. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये उचल्या-भामट्यांवर स्वतंत्र मजकूर आहे. १९०८ मध्ये पोलिसांचा सर्वोच्च अधिकारी मायकेल केनेडी याने इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर आख्खं पुस्तकच काढलं. कोणती जात कशी दिसते, काय बोलते, कोणत्या युक्तीने चोरी करते, याची जातवार मांडणी त्यात आहे. पुस्तक हाताशी ठेवून फौजदाराने पाल उठवावं, अशी सोय. पुढे कायदा आला तेव्हा याद्या तयारच होत्या.

आता मुलांकडे येऊ. १८७१ च्या मूळ कायद्यात भर मोठ्यांवर होता. पण ‘चोराचा मुलगा चोर’ हे एकदा मानलं की पुढचं पाऊल आपोआप पडतं: मुलगा बापाजवळ वाढलाच नाही तर? १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ च्या नव्या कायद्यात वय सहा ते अठरा झालं, आणि हे सगळं सतराव्या कलमात नीट बसवलं गेलं. १९२४ मध्ये कायदा पुन्हा एकत्रित करून लिहिला तेव्हाही हे कलम त्याच क्रमांकावर राहिलं.

हे कलम सावकाश वाचावं असं आहे. सरकारने औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळा काढाव्यात आणि ज्या जमातींच्या हालचालींवर बंधन घातलं आहे किंवा ज्यांना वसाहतीत टाकलं आहे, त्यांची मुलं पालकांपासून वेगळी करून तिथे ठेवण्याचा हुकूम द्यावा. प्रत्येक शाळेवर एक सुपरिंटेंडेंट. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यापुरता तो त्या मुलांचा पालक समजला जाईल आणि त्याला योग्य वाटल्यास मुलाला कुणाकडेही उमेदवार म्हणून कामाला लावता येईल. आईबापांची संमती कुठे घ्यायची, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. वयाचा वाद निघाला तर जिल्हा मॅजिस्ट्रेट सांगेल ते वय अखेरचं. जन्माचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला सहाचा आणि विशीतल्या पोराला सतराचा ठरवणं एका सहीचं काम. जमात जाहीर करणाऱ्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देण्याची वाट आणखी एका कलमाने बंद केली होती.

आणि मूल शाळेतून पळालं तर? पंचविसाव्या कलमाप्रमाणे त्याला वॉरंटाशिवाय पकडता येत असे. पकडण्याचा अधिकार पोलिसांना होता, तसाच गावच्या पाटलाला आणि गावच्या रखवालदारालाही. म्हणजे सोलापूरहून निसटलेलं पोर रुळाच्या कडेने पुण्याकडे चालत आलंच, तर दौंडचा, यवतचा, आमच्या मांजरीचा पाटील त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करू शकत होता. आपल्या भागात गावची राखण वंशपरंपरेने रामोश्यांकडे. त्या रामोश्यांवरही सरकारचा डोळा होताच. पुढे या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, म्हणजे विमुक्तांच्या, यादीत त्यांचंही नाव आलं. एका संशयिताने दुसऱ्या संशयिताचं पोर पकडून द्यायचं, अशी ही व्यवस्था होती.

हे सगळं केवळ हिंदुस्थानातच सुचलं असं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या कार्लाइल इथे १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूळनिवासी मुलांची निवासी शाळा काढली. केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा बोलली की शिक्षा. कॅनडात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली, तीही चर्चच्या ताब्यातल्या शाळांत, सरकारी पैशाने. १९२० मध्ये तिथे हजेरी कायद्याने सक्तीची झाली. सरकारने २००८ मध्ये पार्लमेंटमध्ये माफी मागितली, २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. आपल्याकडे हे वाचताना ‘गोऱ्यांनी त्यांच्या आदिवासींचं काय केलं बघा’ असा सूर लागतो. पण सतरावं कलम त्याच काळातलं आहे, आणि अंमलबजावणीची जोडीही तीच: सरकारचा हुकूम, मिशनचे हात.

हिंदुस्थानात या जोडीची सुरुवात साल्व्हेशन आर्मीने केली. फ्रेडरिक बूथ-टकर हा आधी आयसीएस अधिकारी. नोकरी सोडून तो ‘मुक्तिफौजे’त गेला आणि १८८२ मध्ये मुंबईत उतरला. १९०८ मध्ये त्याच्या संस्थेने गोरखपूरला गुन्हेगार जमातींची वसाहत चालवायला घेतली. गुन्हेगारी हा रोग आहे आणि आपल्याकडे त्याचं औषध आहे, असा त्याचा ठाम समज होता.

मुंबई इलाख्यात सूत्रधार होता ऑलिव्हर स्टार्ट. हाही आयसीएसवाला. विजापुरात त्याच्या कामाला सुरुवात झाली; पुढे इलाख्यातल्या अशा सगळ्या वसाहतींचा, म्हणजे सेटलमेंटचा, अधिकारी म्हणून त्याने धारवाडहून कारभार पाहिला. विजापूर, हुबळी, गदग, बारामती, सोलापूर... जिथे गिरणी, कारखाना, रेल्वेचं किंवा कालव्याचं काम, तिथे सेटलमेंट. स्टार्ट क्रूर माणूस होता असं म्हणता येत नाही. कैद्यासारखं बसवून पोसण्यापेक्षा माणसाला मजुरी मिळवून द्यावी आणि मुलांना शाळेत घालावं, असं त्याचं धोरण होतं. पण हे सगळं करायचं काटेरी तारेच्या आत, हजेरी देऊन आणि पास दाखवून. सद्भावनेने केलेल्या जुलमाला विरोध करणं अवघड असतं, कारण जुलूम करणारा स्वतःला जुलमी समजत नाही.

या सगळ्यांत मोठं नाव सोलापूरचं. तिथली सेटलमेंट अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवली होती. कैकाडी, कंजारभाट, टकारी-भामटे, पारधी, मांग गारुडी, अशा एकमेकांशी रोटी-बेटी तर सोडाच, भाषेचाही संबंध नसलेल्या जमातींची बिऱ्हाडं काटेरी तारेच्या एकाच कुंपणात आणून टाकली. कैकाड्यांची बोली तमिळच्या वळणाची, पारध्यांची गुजरातीच्या वळणाची, कंजारभाटांची आणखी तिसरीच. दिवसाचं माप गिरणीच्या भोंग्याचं. हजेरी, पास, कामाची पाळी, परत हजेरी. रात्रीची नोंद वेगळी. १८७७ पासून सोलापुरात कापडगिरण्या सुरू झाल्या होत्या आणि पहिल्या महायुद्धात त्यांना बरकत आली होती. हव्या त्या वेळी हजर होणारा, सोडून न जाणारा मजूर कोणत्या मालकाला नको असतो? इथला मजूर रागावून गावी जाऊ शकत नव्हता, कारण गावी जायलाही पास लागत होता. शिवाय १९२२ पर्यंत कारखान्यांच्या कायद्याप्रमाणे नऊ वर्षांच्या मुलाला अर्धवेळ गिरणीत लावता येत होतं. ती मुभा आणि सतराव्या कलमातली उमेदवारी शेजारी शेजारी ठेवली, की ‘औद्योगिक शाळा’ म्हणजे काय ते फारसं समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक फरक मात्र नोंदवायला हवा, नाहीतर कार्लाइलचं चित्र उचलून सोलापूरवर डकवल्यासारखं होईल. मुंबई इलाख्यात स्टार्टचा कल आख्खं कुटुंब वसाहतीत आणण्याकडे होता. शाळा कुंपणाच्या आत आणि सक्तीची. ज्यांचे आईबाप तुरुंगात आहेत किंवा अधिकाऱ्यांच्या मते ‘सुधारण्यापलीकडचे’ आहेत, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृह. पोर आईच्या खोपटापासून काही हातांवरच, पण घरी झोपायला जाण्याचा निर्णय सुपरिंटेंडेंटचा.

या फरकामुळे परिणाम दोन दिशांनी झाले. अमेरिकेत मुलं हजारो मैलांवर नेल्यामुळे भाषा तुटल्या. इथे आईबापही त्याच कुंपणात कोंडलेले असल्यामुळे भाषा जगल्या. शाळेत मराठी, खोपटात कैकाडी. तुटलं ते दुसरंच. बापाच्या हातातली कसबं गेली. फास विणायचा कसा, कोणत्या ओढ्याला कोणत्या महिन्यात कोणता पक्षी उतरतो, टोपलीसाठी कोणती काठी कधी तोडायची, हे शिकवायला ना रान उरलं ना फिरणं. शाळेत शिकवली सुतारकी, विणकाम, शिवण, बागकाम. वाईट काहीच नाही त्यात. पण या सगळ्याच्या आधी मुलाला रोज एक वाक्य शिकवलं जात होतं: तुझा बाप चोर आहे आणि तू त्याच्यासारखा होऊ नकोस.

ज्यांची वर्तणूक चांगली, त्यांना पुढे तारेबाहेर घर मिळे. सोलापुरात या वस्त्यांना ‘फ्री कॉलनी’ म्हणत. आजही सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक, असा पत्ता तिथे चालतो, पोस्टमनला समजतो आणि लग्नपत्रिकेवर छापला जातो.

या शाळांतून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी काही मास्तर झाले, काही कारकून, काही कार्यकर्ते. सोलापूरच्या जुन्या वस्तीत त्या दिवसांबद्दल बोलताना माणसं एकाच दमात दोन गोष्टी सांगतात: तारेच्या आत जनावरासारखं ठेवलं, आणि तिथे शाळा होती म्हणून आम्ही शिकलो. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला यांतली एकच गोष्ट हवी असते. मला दोन्ही खऱ्या वाटतात. बाहेरच्या मोकळ्या गावांतल्या शाळा या पोरांना दारात उभं करत नव्हत्या, हे विसरून सेटलमेंटच्या शाळेला शिव्या घालणं आपल्या सोयीचं आहे.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष कोण? सेटलमेंटवाले स्टार्टसाहेब. सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि दाहोदला भिल्लांमध्ये काम करणारे ठक्कर बाप्पाही. १९३० मध्ये अहवाल आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं आणि या वर्गांसाठी सरकारात स्वतंत्र खातं, अशा त्याच्या शिफारशी. खातं निघालं, ‘मागासवर्ग खातं’, आणि त्याच्या प्रमुखपदी स्टार्टच बसला. गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभारही याच खात्यात गेला. आजच्या समाजकल्याण खात्याची वंशावळ मागे नेली तर ती या टेबलाशी येऊन थांबते. हजेरीचं रजिस्टर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज एकाच कपाटात ठेवले गेले. मला वाटतं, या सगळ्या इतिहासात सर्वांत लांबवर पोचलेली घटना हीच. कायदा गेला, कुंपण गेलं. पण अशा समाजाच्या मुलाला शिकवायचं म्हणजे आधी घरापासून उचलून एका आवारात ठेवायचं, ही कल्पना मात्र फायलीतून फायलीत उतरत राहिली.

राजकीय पातळीवर वारं बदलत होतं. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती बसली. महायुद्ध आलं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि कायदा रद्द व्हायला आणखी दशक गेलं. मुंबई राज्यात तो १९४९ मध्ये गेला. त्याच वर्षी केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून कायदा हटला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा १९५९ चा. कागदावर आता जमात नव्हती, व्यक्ती होती. ठाण्यातल्या जमादाराला मात्र केनेडीचं पुस्तक न वाचताच पाठ होतं.

स्वतंत्र भारतात मुलांना आवारात ठेवून शिकवणाऱ्या आश्रमशाळांचा प्रेरणास्रोत मात्र वेगळा होता: ठक्कर बाप्पांसारख्यांचे आश्रम, गांधीजींचं मूलोद्योग शिक्षण. मुंबई राज्याने १९५० च्या दशकात आश्रमशाळा सुरू केल्या आणि १९७२-७३ नंतर महाराष्ट्रात त्यांची संख्या झपाट्याने वाढली. आज आदिवासी विकास विभागाच्या शासकीय शाळाच पाचशेच्या आसपास आहेत, अनुदानित तितक्याच, विमुक्त-भटक्यांच्या वेगळ्या. पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातल्या आश्रमशाळा घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडे. या शाळांना सेटलमेंटच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं होईल. पोलीस येऊन मूल नेत नाहीत, बाप स्वतः आणून सोडतो. पण पाड्यावर चौथीपुढे शाळाच नसेल तर बापापुढे निवड तरी कसली? २०१६ मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा प्रश्न इतका चिघळला की डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली. मुलं सर्पदंशाने, तापाने, साध्या आजारांनी दगावत होती आणि अनेकांच्या मृत्यूचं कारणही धड नोंदलेलं नव्हतं. कॅनडाच्या आयोगापुढचा मोठा अडथळाही हाच होता.

तरीही काळ पुढे सरकला आहे तो कुठे, हेही दिसतं. २०१८ मध्ये वसतिगृहाची खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात जमा करण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्यातली आदिवासी मुलं पायी नाशिकच्या आयुक्तालयाकडे निघाली. शंभर वर्षांपूर्वी पास नसताना असं चालत निघालेल्या मुलाला वाटेतला कोणताही पाटील धरू शकत होता.

आणि विमुक्तांची आजची अडचण अशी. महाराष्ट्रात विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ग्राह्य कागद कोणते? आजोबांचं जन्मनोंदीचं पान, जुना महसुली उतारा, किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरातली जातीची नोंद. ज्यांचे आजोबा तारेच्या आत डांबले गेले आणि सक्तीने शाळेत बसवले गेले, त्यांच्या नावापुढे साहेबाच्या कारकुनाने जात लिहून ठेवलेली असते. त्यांचं काम पडताळणी समितीपुढे होऊन जातं. जे पोलिसांना गुंगारा देऊन शेवटपर्यंत फिरत राहिले, ज्यांनी आपली मुलं कुणाच्या हाती लागू दिली नाहीत, त्यांच्या नातवंडांकडे कागद नाही. मांजरीच्या पुढे सोलापूर रस्त्याला लागून पालं पडतात, त्यांतल्या पोरांना शाळेत नाव घालताना पहिल्यांदा कागदाचाच प्रश्न विचारला जातो.